परत द्यायची भांडी

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक लांब कडप्प्याची फळी आहे. माझे यजमान गेले त्या पावसाळ्यात या फळीवर हळूहळू परकी भांडी जमत गेली. कडीचे डबे, झाकणाची पातेली, जाड बुडाचा एक टोप, दह्याची बरणी, ताटलीवर ताटली. त्यांतलं एकही माझं नव्हतं. प्रत्येकातून कुणीतरी काहीतरी शिजवून आणलं होतं. मी ते खाल्लं होतं, भांडं घासून, पुसून, उपडं ठेवलं होतं, आणि पुढे काय करायचं ते मला कळत नव्हतं.

मुळशीत रिकामं भांडं परत देत नाहीत. शहरातही देत नसत म्हणा, पण तिथे आता डबे प्लास्टिकचे झाले आणि नियम सैल झाला. इथे तो अजून घट्ट आहे. ज्या भांड्यातून घास आला त्या भांड्यातून घास गेला पाहिजे. आणि मला स्वयंपाक येत नव्हता.

हे वाचून कुणाला नवल वाटेल. मुलगी लग्नाची झाली, मी शाळेतून निवृत्त झाले, तरी मला चहा, भात आणि उकडलेला बटाटा याच्या पुढचं काही जमत नसे. आमच्याकडे स्वयंपाक ते करत. धरणाच्या पाण्याकाठी जी सुट्टीची रिसॉर्टं आहेत त्यांतल्या एकाच्या स्वयंपाकघरात ते मुख्य आचारी होते, मी गावच्या हायस्कुलात मराठी शिकवायचे. संध्याकाळी दमून आले तरी हातपाय धुऊन ते पुन्हा ओट्याशी उभे राहत. मी ओट्याच्या टोकाला स्टूल ओढून वह्या तपासत बसे. त्यांचा कांदा चिरण्याचा आवाज आणि माझ्या लाल पेनाचा आवाज, एवढंच घरात ऐकू येई. सगळं गाव मला बाई म्हणे, म्हणून तेही चेष्टेनं बाईच म्हणत. "बाई, मीठ बघा जरा," म्हणून पळी पुढे करत. मी वहीतून मान वर न करता चाखे आणि मार्क दिल्यासारखी मान हलवे.

शेजारच्या वहिनी तेव्हा कुंपणावरून म्हणायच्या, "बाई, नशीब काढलंत. आमचा गडी पाण्याचा तांब्या सुदीक उचलत न्हाई."

ते गेले आणि दहा दिवस घरात चूल नव्हती. म्हणजे गॅस होता, पण त्यावर चहाचं आधण आणि दूध याखेरीज काही चढलं नाही. सुतकात आमच्याकडे फोडणी देत नाहीत. तेलात मोहरी तडतडली की घर जागं झाल्यासारखं वाटतं, आणि दुःखाच्या घरानं एवढ्यात जागं व्हायचं नसतं, असं काहीतरी त्यामागे असावं. मी कधी कुणाला विचारलं नाही. जेवण बाहेरून येई. शेजारच्या वहिनींचं पिठलं-भाकरी, वरच्या आळीतून वरणभात, आणखी कुठून आमटी.

त्यातल्या एका दिवशी पावसानं असा जोर धरला की गल्लीतून पाणी वाहायला लागलं आणि दुपार टळली तरी कुणाला येता येईना. मुलगी माझ्यासोबत होती. ती हिंजवडीत नोकरी करते, तिथेच एका उंच इमारतीत राहते. येताना तिनं घाईत एक पिशवी भरून आणली होती. तिच्याकडे फोनवर सांगितलं की दहा मिनिटांत दारात सामान येतं. त्या पिशवीतून तिनं उपम्याचं पाकीट काढलं.

"आई, यात करायचं काही नाही. नुसतं उकळतं पाणी."

मी म्हटलं, "भूक नाही."

"मला आहे," ती म्हणाली.

तिनं भांड्यात पाकीट रिकामं केलं. भुरकट रवा, त्यात वाळलेल्या कढीपत्त्याचे तुकडे, डाळीचे दाणे, काळी मोहरी. वाळवलेल्या कचऱ्यासारखं दिसत होतं ते. तिनं आधण ओतलं आणि ताट झाकलं. थोड्या वेळानं तिनं ताट उचललं आणि वाफ वर आली.

त्या वाफेबरोबर फोडणीचा वास आला. मोहरी, हिंग, कढीपत्ता, किंचित आलं. तो वास घरात शिरला आणि सगळ्या खोल्यांतून हिंडून आला. त्यांच्या कपड्यांच्या खुंटीपर्यंत गेला असणार. मी उभी राहिले. का, ते मला सांगता येणार नाही. दारात कुणी आलं की आपण उठतो तशी उठले.

तेवढ्यात खरंच दारात कुणी आलं. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात फडक्यानं बांधलेला डबा, अशा भिजलेल्या वहिनी. "चूल पेटंना वो बाई, लाकडं सारी वली..." असं म्हणता म्हणता त्यांचं वाक्य अडलं. त्यांनी नाकानं वास घेतला.

"अगं बया. सुतकात फोडणी दिली व्हय?"

"नाही हो काकू," मुलगी म्हणाली, "पाणी दिलं फक्त. हे बघा." तिनं रिकामं पाकीट दाखवलं.

वहिनींनी खोळ उतरवली, भांड्यात वाकून पाहिलं. मग पाकिटात डोकावलं. मग पुन्हा भांड्यात. "मंग ही फोडणी दिली कुणी?"

मुलगी म्हणाली, "कारखान्यात देतात."

"पर देतंय कुणीतरी माणूसच ना?"

"असेल. नाहीतर मशीन."

वहिनी खाली बसल्या. त्यांनी बराच विचार केला. आम्ही दोघी निकालाची वाट पाहत उभ्या. शेवटी त्या म्हणाल्या, "फोडणी तुमी न्हाई दिली. ज्यानं दिली त्याला सुतक न्हाई. खावा." मग जरा थांबून, "थोडा मला बी द्या. सकाळधरनं पोटात काय न्हाई."

आम्ही तिघींनी तो उपमा खाल्ला. चव बरी होती, फार नाही. पण वहिनींचा प्रश्न माझ्या मनात राहिला. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी सकाळी कुणीतरी तेल तापवलं, मोहरी टाकली, ती तडतडली. मग तो आवाज संपला आणि वास तेवढा कागदात मिटून ठेवला गेला. ज्याच्यासाठी ठेवला त्याचं नाव-गाव कुणाला ठाऊक नव्हतं. आणि नेमक्या त्या दुपारी, घराला फोडणी चालत नव्हती तेव्हा, तो आमच्या घरात उघडला. मी आयुष्यभर मुलांना शिकवत आले की लिहिलेलं माणूस गेल्यावरही बोलतं. हे स्वयंपाकालाही लागू असेल असं मला कधी सुचलं नव्हतं.

दिवसकार्य झालं, माणसं पांगली, मुलगीही परत गेली. मी चहा-बिस्किटांवर आणि लोकांच्या डब्यांवर राहिले. गौरी-गणपती न करता गेले. दिवाळी आली. दुःखाच्या घरी पहिल्या दिवाळीला तळण करत नाहीत, शेजारपाजारचे फराळ आणून देतात. त्यामुळे फळीवर आणखी डबे आले. चकलीचे, चिवड्याचे, कुणाचे रव्याच्या लाडवांचे.

दिवाळीत मुलगी आली तेव्हा फळीखाली उभी राहून ती म्हणाली, "आई, हे सगळं कुणाचं आहे?"

"गावाचं."

"परत का नाही दिलं?"

"रिकामं कसं देऊ?"

"चिमूटभर साखर घाल आणि दे. आजी तसंच करायची."

साखर चालते, हे मला माहीत होतं. पण निबंधात सांगण्यासारखं काही उरलं नाही की मुलं शेवटी एक सुविचार टाकून पान भरतात, तशी ती साखर मला वाटे. ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत घेऊन कुणी माझ्यासाठी भाकरी भाजली होती. आमच्या घरातून आजवर कुठलं भांडं साखर घालून गेलं नव्हतं. ते असताना तर नाहीच.

मुलीनं माझा हात धरून मला स्टुलावर बसवलं. "आई, मला रोज ऑफिसात बसून एकच विचार येतो, तू आज काय खाल्लंस. तू तिकडे चल. खोली तयार आहे. तुझी पुस्तकं ठेवायला मी भिंतभर कपाट करून घेतलंय. इथे राहून तू करणार काय? तुला साधं वरण येत नाही."

ती चुकीचं काही बोलत नव्हती. मला जायचं नव्हतं. खिडकीतून दिसणारं पाणी, भाताच्या खाचरांची उतरंड, त्यांचा हात फिरून काळा झालेला ओटा सोडून मला कुठे जायचं नव्हतं. पण राहायचं तर कशाच्या जोरावर? ज्याला स्वतःपुरतं शिजवता येत नाही त्यानं गावाच्या डब्यांवर किती दिवस जगायचं?

मी म्हटलं, "भातं निघाली की येते. त्याआधी ही भांडी देऊन टाकते."

"भरून?"

"भरून."

ती हसली. मग माझ्याकडे पाहून हसायची थांबली. "बरं. भातं निघाली की मी गाडी घेऊन येते."

दुसऱ्या आठवड्यात मी जीपनं पौडला गेले. बाजारात चाचींचं दुकान आहे. माझे यजमान रिसॉर्टचा माल तिथूनच भरत, त्यामुळे चाची मला ओळखत होत्या, पण मी त्या दुकानात आत कधी गेले नव्हते. पिशव्या घेऊन बाहेर उभी राहायचे, तीही पुस्तक हातात धरून. आता आत गेले आणि थक्क झाले. शनिवार-रविवारी धरणाकडे येणाऱ्या लोकांसाठी त्यांनी दोन्ही भिंती पाकिटांनी भरल्या होत्या. भाजलेल्या शेवया, ढोकळ्याचं पीठ, इडलीचं आंबवलेलं पीठ पिशवीत, गोठवलेले मटार आणि मक्याचे दाणे, आटवलेल्या दुधाचे डबे, चीजच्या चकत्या, सूपच्या पुड्या. वाचनालयात पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं त्या दिवसासारखं मला झालं. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे, आणि प्रत्येकात कुणीतरी आधीच काहीतरी करून ठेवलेलं. कुणी भाजलेलं, कुणी दळलेलं, कुणी सोललेलं, आंबवलेलं, आटवलेलं. मी पाकिटांमागची कृती वाचत बसले. सोपी मराठी, आज्ञार्थी वाक्यं, एकही विशेषण जास्तीचं नाही.

चाची गल्ल्यावर बसून पाहत होत्या. "बाई, पाकिटं तपासताय का वह्या?"

मी त्यांना भांड्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि उठल्या. "शेवया घ्या, दुधाचा डबा घ्या. खिरीला कुणी नाव ठेवत न्हाई. ढोकळा पोराबाळांच्या घरी द्या. अन् गुलाबजामाचं पाकीट? भाऊंचंच देऊ का?"

"भाऊंचं म्हणजे?"

"तुमचे मालक, आमचे भाऊ, न्यायचे ते."

मला कळेना. माझ्या यजमानांचे गुलाबजाम गावात प्रसिद्ध होते. बारशी, साखरपुडे, हायस्कुलातला निरोपसमारंभ, सगळीकडे लोक म्हणत, खवा असावा तर असा. मी म्हटलं, "ते तर खव्याचे करायचे."

चाची हसू दाबायला लागल्या. "भाऊ म्हणायचे का खव्याचे?"

मी आठवून पाहिलं. ते कधीच काही म्हणाले नव्हते. आम्हीच म्हणत आलो होतो. ते नुसते पाक ढवळत असायचे.

"मी बी विचारलं व्हतं त्यांना," चाची म्हणाल्या. "म्हणलं, भाऊ, तुमी एवढे आचारी, अन् पाकीट नेता? तर म्हणाले, चाची, खवा आटवत बसलो तर बाईंच्या शेजारी कधी बसू?"

मी दुकानात, त्या पाकिटांच्या मधोमध, हसायला लागले. ते गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता मला बसावं लागलं. चाचींनी पाणी दिलं, आणि जणू मधे काही झालंच नाही अशा सुरात म्हणाल्या, "पाणी न्हाई घालायचं त्यात, दूध घाला. अन् कणकेसारखं मळू नका, नुसतं गोळा करा."

घरी येऊन मी सगळं ओट्यावर मांडलं आणि त्यांच्या जागी उभी राहिले. माझी जागा स्टुलाची होती. ओट्याच्या मधे उभं राहिलं की खिडकीतून पाणी थेट दिसतं, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. ते रोज पाण्याकडे बघत स्वयंपाक करत होते.

पहिल्यांदा खीर केली. दुधाचा डबा कापला तेव्हा आतलं दूध खाली यायला तयार नव्हतं, इतकं दाट. ते सावकाश, एका जाड धारेनं उतरलं. शेवया आधीच भाजलेल्या. मला फक्त पाणी मिसळायचं होतं आणि दोघांची गाठ घालून द्यायची होती. खीर झाली. मी पुन्हा पुन्हा झाकण काढून पाहत होते. ती होती तिथेच होती.

आता भांडं निवडायचं. जाड बुडाच्या टोपावर कोरलेलं नाव स्वच्छ वाचता येत होतं. खालच्या आळीतल्या एका घराण्याचं आडनाव, पुढे एका गृहस्थांचं नाव. मी त्यात खीर ओतली, फडकं बांधलं आणि निघाले. त्या घरात एक म्हाताऱ्या बाई राहतात. त्यांचे नातू माझ्या हाताखालून गेले. मला दारात बघून त्या गडबडल्या. मी टोप पुढे केला. "तुमचा टोप आणलाय. फार दिवस राहिला माझ्याकडे."

त्यांनी टोप हातात घेतला, नाव बोटानं चाचपलं आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला वाटलं काहीतरी भलतंच झालं.

"बाई, ह्यो टोप तर आमच्या ह्यांनी त्या वरच्या आळीच्या लग्नात दिला व्हता. आहेरात. माझ्या पोराचा जलम बी झाला नव्हता तवा." मग त्यांचा आवाज चढला. "आमचा आहेर परत का धाडला त्यांनी? काय वाकडं झालं?"

मला घाम फुटला. मी समजावून सांगितलं, की तो वरच्या आळीच्या लोकांनी आमच्या दुःखात वरणभात भरून पाठवला होता, आणि मी नाव वाचून इकडे आणला. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिचं बोळकं हसायला लागलं, आणि तिनं आत ओरडून सुनेला बोलावलं. "ये गं बघ! बाईंनी आहेर माघारी आणलाय, खीर घालून!"

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. वहिनी कुंपणावर हात टेकून म्हणाल्या, "भांड्यावरचं नाव वाचतंय व्हय कुणी? ते देणाऱ्याचं असतंय, घेणाऱ्याचं न्हाई. तुमचं शिक्षण नडलं बघा."

"मग ओळखता कसं?"

"आपलं भांडं म्हंजे आपलं पोर. ओळखू येतंय." मग दया येऊन त्या आत आल्या आणि फळीवरच्या प्रत्येक भांड्याला बोट लावून सांगत गेल्या, कुठलं कुणाचं. मी मनातल्या मनात पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीची सून दारात. हातात तोच टोप, आणि टोपात घावन. "आत्याबाई म्हणाल्या, टोप आपला न्हाई, पर रिकामा कसा द्यायचा? तुमी खावा, अन् टोप ज्याचा त्याला द्या."

म्हणजे मला पुन्हा तो भरायचा होता. या वेळी मी ढोकळा घातला आणि वरच्या आळीत नेऊन दिला. तिथे खिरीची हकीकत पोचलेलीच होती. ढोकळ्यापेक्षा त्यांनी मलाच जास्त पाहिलं.

मग रोज एक भांडं. इडलीच्या तयार पिठाचे मी यजमानांच्या आप्पेपात्रात आप्पे केले. पहिले चिकटले, दुसरे करपले, तिसऱ्या वेळी पात्रच माझ्यावर खूश झालं. गोठवलेल्या मक्याचे दाणे लोणी-तिखट-मीठ लावून एका घरी गेले. तिथल्या मुलांनी ते माझ्यासमोरच संपवले. एका घरी पाकिटातला उपमा गेला, वरून मटार घालून. संध्याकाळी पदराखाली भांडं धरून पाण्याच्या कडेच्या वाटेनं मी जात असे, आणि हळूहळू मला दिसायला लागलं की त्या वाटेवर मी एकटी नाही. समोरून एखादी बाई येई, तिच्याही पदराखाली काहीतरी झाकलेलं. एक मुलगी वाटी घेऊन घाईघाईनं, न सांडता. सायकलच्या हँडलला लटकलेला कडीचा डबा. कुणी बाळंत होतं, कुणाला ताप, कुणाकडे पाहुणे, कुणाकडे आज पहिली भेंडी उतरली. सगळं गाव दिवे लागायच्या वेळी एकमेकांच्या घरी भांड्यांतून जात-येत होतं. मी इतकी वर्षं या वाटेवरून शाळेत गेले होते. हे रोज माझ्या शेजारून जात असणार. आमच्या घरातूनही जात असणार, त्यांच्या हातून. अवाक होणं म्हणजे काय हे मी वर्गात अनेकदा समजावून सांगितलं आहे. त्या वाटेवर मी ते झाले.

वहिनींचा डबा मी शेवटी ठेवला होता. त्यात गुलाबजाम द्यायचे होते. पण तळण चालेल का, म्हणून आधी कुंपणावर विचारलं.

"सणाचं तळण न्हाई करायचं," वहिनी म्हणाल्या. "आज काय सण हाय व्हय?"

"नाही."

"मंग तळा की. हितं कोण कोतवाल बसलाय?"

मी दूध घालून पीठ गोळा केलं, मळलं नाही. गोळे तुपात सोडले. ते बुडाशी गेले आणि मग एकेक करत, कुणी हाक मारल्यासारखे, वर आले. मी झारा हातात धरून नुसती बघत राहिले, त्यामुळे पहिले चार जरा जास्तच काळे झाले. पाकात मुरेपर्यंत वहिनी वासावर आल्याच, आणि त्यांनी ओट्याशी उभ्या उभ्याच एक तोंडात टाकला. डोळे मिटले. मी वाट पाहत होते.

"घट झालेत," त्या म्हणाल्या. मग दुसरा घेतला. "पर पाक त्योच हाय."

मी त्यांना पाकिटाचं सांगितलं. रिकामं पाकीटही दाखवलं. त्या पाकिटाकडे आणि फळीकडे आळीपाळीनं बघत राहिल्या, मग गुडघ्यावर थाप मारून म्हणाल्या, "आन् मी मेली पंधरा वरसं खवा आटवतीया, त्यांच्यासारखे व्हावेत म्हणून!"

भातं निघाली. आंबेमोहोर झोडपून घरात आला की गावाला काही दिवस एक वेगळा वास असतो, तो सुरू झाला. मुलगी शनिवारी गाडी घेऊन आली. मागच्या सीटवर तिनं पुस्तकांसाठी रिकामी खोकी रचून आणली होती. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे.

फळी भरलेली होती.

"आई, तू फोनवर म्हणालीस, संपत आलं."

"संपलं होतं. सगळी देऊन झाली होती. मग ही आली." मी एकेक दाखवायला लागले. "ढोकळ्याच्या बदल्यात वरच्या आळीतून नवे तांदूळ आले, याच टोपातून. आप्पे गेले त्या घरून वालाची उसळ. मका खाल्लेल्या पोरांच्या आईनं बांगडे पाठवले, धरणातले मासे नाहीत, बाजारातले. वहिनींचं ताक तर रोजच असतं. हे कुणी रिकामं घेत नाहीत गं, आणि रिकामं देतही नाहीत. आता मला ही भरून द्यायला हवीत."

"मग ती परत भरून येणार."

"येतील बहुतेक."

"म्हणजे हे संपणारच नाही."

ती टोपाजवळ गेली, झाकण काढून नव्या तांदळांत हात घातला आणि तसाच ठेवला. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते पाहायला मी पुढे झाले नाही. मग ती स्टूल ओढून ओट्याच्या टोकाला, माझ्या जुन्या जागी बसली.

"आज काय खाल्लंस?"

"तुझ्यासाठी थांबले होते. आप्पे करते. पीठ पिशवीतलं आहे."

मी ओट्याशी उभी राहिले. मी पात्रातले आप्पे उलटताना तिनं मला पाहिलं, आणि मधे एकदा म्हणाली, "अगं, बाबांसारखी काडी धरतेस." आम्ही चटणीशिवाय, वहिनींच्या ताकाबरोबर खाल्लं. ती दोन दिवस राहिली. तिनं रिकाम्या खोक्यांचा विषय काढला नाही, मीही नाही.

रविवारी दुपारी निघताना तिनं उरलेले आप्पे मागितले. मी कपाटातून एक कडीचा डबा काढला, आमचा स्वतःचा. त्यावरचं नाव तिनं वाचलं. "हे कोण?"

"ठाऊक नाही. लग्नात कुणीतरी दिला असेल. डबा तुझ्या बाबांचा. कडी बघ, एकीकडून सैल आहे."

तिनं कडी हलवून पाहिली. डबा पुढच्या सीटवर ठेवला, खोक्यांच्या जवळ नाही. गाडी सुरू करून तिनं काच खाली केली.

"खोली तयार आहे, आई."

"असू दे तयार."

"पुढच्या रविवारी येते डबा घेऊन." मग हिशेब लागल्यासारखी ती क्षणभर थांबली. "पण मला काही करता येत नाही गं. आमच्याकडे सगळं पाकिटातलं."

"चालतं," मी म्हटलं.

गाडी धरणाच्या कडेनं वळून दिसेनाशी झाली. आत येऊन मी वरच्या आळीचा टोप खाली काढला, तांदूळ डब्यात ओतून घेतले, आणि टोप धुऊन पुसला. मग शेवयांचं पाकीट कुठे ठेवलंय ते शोधायला लागले.